चार इंच खाली

९ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय मुंगी,

कशी आहेस? साइटवरच्या धुळीने खोकला वाढला नाही ना? इकडे सगळं ठीक. आई परवा म्हणाली, "ती नाच-गाण्याची एवढी मोठी शाळा बांधतेय, आणि तू काय तिच्या पेन्सिली तासतेस का?" मी हसले. ते हसू आतून आलं नव्हतं.

आज सकाळी फोन करून स्लॅबचं काम थांबवलं ते मीच. मुकादमांना कारण सांगितलं नाही. ते आधी तुला सांगायचं होतं.

नृत्याच्या खोलीत लवचीक लाकडी जमीन बसणार आहे. त्यासाठी तिथला स्लॅब चार इंच खाली हवा. तुझ्या नकाशात तो व्हरांड्याच्याच पातळीत आहे. उद्या काँक्रीट पडलं असतं, तर पुढे लाकडाने दारं अडली असती, मग लाकूडच रद्द झालं असतं, आणि मुली वर्षानुवर्षं टणक फरशीवर पाय आपटत राहिल्या असत्या.

आपल्या ऑफिसची रीत तुला माहीतच आहे. एकीने काढायचं, दुसरीने तपासून कोपऱ्यात लाल पेन्सिलीने सही करायची. त्या नकाशावर सही माझी आहे.

'नजरचुकीने झाली' असं लिहिलेले दोन कागद फाडले. मला चूक तेव्हाच दिसली होती. वाटलं, कळू दे एकदा सगळ्यांना, साहेबांच्या लाडकीचंही चुकतं.

काल संध्याकाळी बाबा म्हणाले, "बघू तरी तुझ्या मैत्रिणीची शाळा." त्यांचा जन्म फरशा बसवण्यात गेला. नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इथे लाकूड मावणार कुठे गं?"

"तिचं चुकलंय," मी म्हटलं.

"आणि ही सही कुणाची?"

घरातली पहिली पदवी माझी, बाबांनी फ्रेम करून भिंतीवर लावलेली. त्यांनी नकाशा गुंडाळून माझ्या हातात दिला आणि जेवायला बसले.

आणखी एक. या शाळेसाठी आपण दोघींनी काढलेल्या आराखड्यांतला तुझा वशिल्याने निवडला गेला, असं मी दोघातिघांना सांगितलंय. तसं नव्हतं. माझ्या आराखड्यातला रंगमंच रस्त्याकडे उघडत होता, तिकीट न परवडणाऱ्यांसाठी. त्याचा मला कोण अभिमान! पण तुझ्या मधल्या चौकात उभं राहिलं की कुठल्या खोलीत काय शिकवतात ते दिसतं. पहिल्यांदाच आलेल्या मुलीला कुणाला विचारावं लागत नाही. हे मला सुचायला हवं होतं, मुंगी. तशी मुलगी तर मीच होते.

सुधारलेला नकाशा ड्रायव्हरकाकांबरोबर पाठवतेय. साहेबांना चार वाजता सगळं सांगणार आहे. ते काय करतील माहीत नाही. जळणं अजून थांबलेलं नाही, हेही लिहून टाकते, नाहीतर हे पत्रही खोटं ठरेल.

मैत्रीण म्हणवून घेणं तुझ्या उत्तरावर सोडून,

लंबू