विणलेल्या रुमालांखाली जळलेली यंत्रं

मी, फेलिसितास गुम्बान, वय चौऱ्याहत्तर, राहणार हारो, इलोइलो शहर, असं लिहून ठेवते की माझे गुडघे गेले असले तरी डोकं शाबूत आहे. हे मी कुणाच्या धाकाने लिहीत नाही, रागाने लिहिते आहे, आणि तो राग जुना, चांगला मुरलेला आहे. याआधीचं माझं कुठलंही मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी रोवेना हिला.

कलम २. माझा नवरा कै. आन्सेल्मो याच्या टायपिंगच्या दुकानातले चारही जुने संगणक रोवेनालाच. त्यांना पंखा नाही. गरम हवा झाकणावरच्या फटींतून वर निघून जाते, एवढीच त्यांची सोय. पण माझ्या नणंदबाई, मनांग म्हणजे थोरल्या ताई कोन्सोर्सिया, यांना घरातली कुठलीही वस्तू उघडी बघवत नाही. फ्रिजवर, टीव्हीवर, तांदळाच्या डब्यावर त्यांचे क्रोशाचे रुमाल, तसे ते संगणकांवरही आले, दुहेरी विणीचे. यंत्रं तापायची, चिपा खाचांतून सैल होऊन वर यायच्या. रोवेना तेव्हा सोळा वर्षांची होती. अंगठ्याने दाबून त्या परत बसवायचं काम तिचं.

"टिया, रुमाल काढा ना. आत गुदमरतंय ते," ती आत्याला म्हणाली.

"यंत्राला काय नाक असतं? तुझाच हात गरम. लावशील ते जाळशील."

ऐन परीक्षांच्या दिवसांत, मुलांचे प्रबंध टाईप होत असताना दोन यंत्रं जळाली. आन्सेल्मोने बहिणीचं ऐकलं. पोरीला दुकानाची पायरी बंद झाली आणि भाचा एर्विन गल्ल्यावर बसला. मी भांडले, रुमाल फाडले, तर आठवड्यात नवे विणून आले. पोरगी मनिलाला निघून गेली. आज लांबलांबून लोक तिच्याकडे जुने संगणक दुरुस्तीला आणतात आणि ती ते भाड्याच्या कोंदट खोलीत उघडून बसते. तिला इथे परत यायचं आहे, जागा हवी आहे. बाप मेला, पण तिच्याशी चुकल्याचं एक अक्षर बोलला नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. थडग्यावर फुलं नेते ती लोकांना दिसावीत म्हणून.

कलम ३. माझ्या शवपेटीत क्रोशाचा रुमाल घालू नये. मेल्यावर तरी मला हवा लागू द्या.

कलम ४. दुकानाचा गाळा माझ्या वडिलांनी मला दिलेला, माझ्या नावावरचा. तो मी एर्विनला देते. त्याला तिथे दुधाळ चहाचं दुकान काढायचं आहे, बंद यंत्रं शोभेला मांडून. याच गाळ्यासाठी मनांग रोज माझ्या उशाशी बसून मला सूप पाजतात.

कलम ५. वकीलबाईंनी समजावलं की साक्षीदार तीनच असतील तर त्यांतल्या कुणाला किंवा त्याच्या मुलाला दिलेली वस्तू मिळत नाही, ते कलम रद्द होतं. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे अशीही सक्ती नाही. साक्षीला कोणाला बोलवावं, असं मी जेवताना सहज विचारलं.

"मी आहे की," मनांग म्हणाल्या. "बाहेरची माणसं कशाला गोळा करतेस? माझ्या एर्विनचं नाव घातलंयस ना?"

"घातलंय, मनांग. तुमच्यासमोरच सही करते."

कलम चार रद्द झाल्यास गाळा रोवेनाचा.

हारो, इलोइलो. ११ मार्च २०१९.

सही: फेलिसितास गुम्बान

तीनच साक्षीदार:
तेओदोरिको हालांदोनी, शेजारी
मिलाग्रोस सोबरेपेन्या, शिवणकाम
कोन्सोर्सिया पाल्मारेस, एर्विनची आई