लांबची लेन्स

प्रिय धाकट्या,

चार दिवस आईचा फोटो का आला नाही, कॅमेरा बिघडला का, असं तू विचारलंस. बिघडलेला नाही. शिलाई मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांशेजारी पडून आहे आणि मी मुद्दामच त्याला हात लावलेला नाही. फोनवर सांगायला जावं तर तू कायम कुठेतरी निघालेला असतोस, आणि माझंही बोलणं अर्ध्यात अडतं. म्हणून लिहिते आहे. आई जेवून झोपली आहे. एका गिऱ्हाइकाची पँट संध्याकाळपर्यंत तोकडी करून द्यायची आहे, ती होईल तेव्हा होईल.

दोन वर्षांपूर्वी तू हा कॅमेरा आणलास तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. हातात फोन असताना हे धूड कशाला, म्हटलं होतं. धूड नव्हतंच ते. माझ्या मोठ्या कात्रीपेक्षा जरासं जड, ॲप्रनच्या खिशात मावणारं. लेन्स काढायची कशी, बसवायची कशी ते तू जेवणाच्या टेबलावर दाखवलंस. एक चपटी, कोटाच्या बटणासारखी. दुसरी लांबची. आणि रोज आईचा एक फोटो पाठव, एवढंच मागितलंस. पहिला महिनाभर मी तुला आईचं नाक तेवढं पाठवलं. मग हात बसला. कापड बोटांना कळतं तसा उजेड कळायला लागला. बटणं आणायला, औषधं आणायला निघाले की चपटी लेन्स लावून कॅमेरा बरोबर घ्यायचे. बस स्टॉपवर डुलकी काढणारा माणूस, नुकत्याच पुसलेल्या जिन्यावरचे कुणाचे तरी पाय, बंद दुकानाच्या काचेत दिसणारी मीच. ते फोटो तुला कधी पाठवले नाहीत. दिवसभरात माझं म्हणावं असं तेवढंच काहीतरी होतं रे.

आईचं म्हणशील, तर तिच्या लेखी मी आता कामाला येणारी बाई आहे. स्वभावाने बरी, पण हाताला जड, असं तिचं माझ्याबद्दल मत. तुमच्या घरी कोण कोण असतं हो, म्हणून रोज विचारते. एक धाकटा भाऊ आहे, लांब असतो, असं मी सांगते. येतो का, म्हणून विचारते. मी तिचा चष्मा पुसायला घेते. रात्री चार वेळा उठते, भिंतीला धरून दाराची कडी शोधत फिरते, म्हणून माझी गादी आता दाराला लावून टाकलेली असते. ओलांडताना तिचा पाय मला लागला की मी जागी होते. पूर्ण झोप मला वर्षभर मिळालेली नाही. गेल्या महिन्यात एका बाईंच्या जॅकेटला मी दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या. त्या हसल्या, मीही हसले, आणि मग आत जाऊन रडले.

पण कॅमेरा डोळ्याला लावला की आई बदलते. तीस वर्षं वर्गाच्या फोटोत मधल्या खुर्चीत बसलेली बाई ती. कॅमेरा दिसला की पाठ ताठ होते, चष्मा जागेवर जातो, आणि हात गुडघ्यांवर ठेवा, कोणी हलायचं नाही, असा दम ती रिकाम्या खोलीला देते. त्या मिनिटापुरती मला आपली आई भेटते. गणिताच्या तासाला अख्खी शाळा जिला टरकायची, ती. तुला रोज दिसते ती हीच.

आता कबुलीच द्यायची तर सगळीच देते. मी हे फोटो लांबच्या लेन्सने काढते. खोलीच्या या टोकाला दाराशी उभी राहते, ती त्या टोकाला खिडकीपाशी. चेहरा तेवढा लख्ख येतो, बाकीचं सगळं धूसर होतं. कमोडची खुर्ची, औषधांचा ट्रे, वाळत घातलेल्या चादरी, काही उरत नाही. शिवणाची सुलट बाजू तुला दाखवली आणि उलट बाजूचे दोरे लपवले. तू वाहवा करायचास, ताई काय हात आहे तुझा, म्हणायचास, आणि मी त्या कौतुकाला भुकेली होते. या वर्षात तीनदा तुला ये म्हटलं. तिन्ही वेळा तू म्हणालास, आई तर मस्त दिसते आहे, उन्हाळ्यात बघू. दुरून डोंगर साजरे म्हणून मी तुझ्यावर धुसफुसत राहिले, पण डोंगर साजरा करून धाडत होते मीच. तेव्हा तुझी निम्मी चूक मी माझ्या पदरात घेते. निम्मी तुझ्याकडे ठेव.

आता गुरुवारचं. सकाळी साडेआठला खिडकीत छान उजेड होता. आईचे केस विंचरले, तिला खुर्चीत बसवलं आणि नेहमीसारखी दाराशी जाऊन उभी राहिले. तिने कॅमेरा पाहिला, पाठ ताठ केली, आणि वर्गाला उभं करायचं म्हणून स्वतःच उठून उभी राहिली. आठ महिन्यांत आधाराशिवाय उभी राहिली नव्हती. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मग ती कलली. मला ते लेन्समधून स्वच्छ दिसलं, तिचा हात माझ्याकडे आला तोही दिसला, आणि मी धावले नाही. मी बटण दाबलं. मग धावले. डावं मनगट मोडलं आहे, सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांना मी सांगितलं की बाथरूममध्ये घसरली. धावले असते तरी पोचले असते की नाही, कोण जाणे. पण त्या क्षणी माझा हात काय करायला गेला ते मला माहीत आहे, आणि आता तिला उचलताना, आंघोळ घालताना मला माझ्या हातांची भीती वाटते. तो फोटो सोबत पाठवते आहे. आई त्यात मस्त दिसत नाही. धाकट्या, उन्हाळ्याची वाट पाहू नकोस, या आठवड्यात ये. कायमचं काय करायचं ते आपण दोघं बसून ठरवू. पण आल्यावर पहिल्या रात्री तू तिच्या खोलीत, दाराला गादी लावून झोप. मला झोपायचं आहे.

तुझीच,
ताई