देखाव्यातलं ते एक वाक्य

लालबाग, ९ ऑगस्ट, संध्याकाळ

आज मंडळाच्या खोलीत गणपतीच्या देखाव्याची संहिता वाचून दाखवली. गेली बारा वर्षं मीच लिहिते. यंदाचा विषय, गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका. शेवट जमेना म्हणून काल एआयला विचारलं आणि त्याचं एक वाक्य तसंच ठेवलं. 'चाळीस ताटं वाढणारीला, तू जेवलीस का, असं कुणी विचारलंच नाही.'

नेमके तिथेच बाणेकाका डोळे पुसायला लागले. त्यांच्या आईची खानावळ होती. "ह्यां फकस्त तूच लिवक शकतंस गो!" म्हणाले. मी "हो काका" म्हटलं. का म्हटलं?

वाक्य मला गुळगुळीत वाटतंय. त्या यंत्राला कसली आलीय चाळीस ताटांची कणव? की हा नुसता माझा मत्सर?

घरी येऊन ते खोडलं आणि स्वतःचं लिहायला बसले. तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा फिरून तेच, तू जेवलीस का. आता बाकीची पानंही, माझीच असून, संशयाने वाचतेय.

उद्या काकांना खरं सांगायचं. आणि विचारायचं, तुमची आई कधी जेवायची? बारा वर्षांत मीही कधी विचारलं नाही.