तीन नंबरची कॉइल

रविवार, ९ ऑक्टोबर, संध्याकाळी सात

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद ठेवावी.

समोरच्या ब्लॉकमधल्या काकांची गाडी आज गेटातून आत येताना उचक्या देत होती. चालवत होती त्यांची मुलगी, ती. (ती म्हणजे ती. नाव लिहिणार नाही. आई कपाट आवरते.) डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत होता. म्हणाली, गॅरेजवाला पुढच्या आठवड्याची तारीख देतोय आणि शुक्रवारी दहाला माझा इंटरव्ह्यू, तोही दीड तास लांब. बाबांना त्या दिवशी ड्यूटी. मी म्हणालो, गॅरेज कशाला, मी आहे ना. गाडी मी नीट करतो आणि शुक्रवारी मीच सोडतो तुला.

बोलून झाल्यावर धाप लागली. जिना चढून आल्यामुळे असेल. मात्र तेव्हा मी तळमजल्यावरच उभा होतो.

दीड तास. गाडीत दोघंच. मनातलं सांगून टाकायचं. वाक्य आधी पाठ करून ठेवायचं.

सोमवार, १० ऑक्टोबर

कॉलेजची दोन वर्षं वाया गेली असं आई म्हणते. आज उपयोगी पडणार आहेत. शिवाय मी कॉलेज "सोडलं" नाही. वर्कशॉपच्या सरांशी मतभेद झाले आणि मी बाहेर पडलो. माझी फाइल माझ्याआधी बाहेर पडली, खिडकीतून.

मित्राकडून स्कॅनर आणला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा, फोनवर कोड येतो. कोड आला: पी-०३०३. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. ठिणगी नीट पडत नाही. चार सिलिंडर, प्रत्येकाच्या डोक्यावर एक इग्निशन कॉइल. बॅटरीच्या बारा व्होल्टचे ती तीस हजार करते.

तीस हजार. हे वाचून मी बॉनेट लावून टाकलं. घाबरून नाही. उजेड कमी होता. (दुपारी तीन.)

वर गॅलरीत काका उभे होते. काका फायर ब्रिगेडमध्ये आहेत. बोलत नाहीत, बघतात. पेट्रोल आणि ठिणगी यांच्यामध्ये मी, आणि वरून बघणारा आगीचा माणूस. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. हातात कप होता, म्हणून असेल.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

सकाळी नऊ. आईचे भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले, पायात रबरी चपला. आई म्हणाली, या तयारीत निदान कढई तरी घासून जा. दुर्लक्ष केलं.

दहा. इंजिन थंड, किल्ली खिशात. तरीही बॅटरीची वायर काढून ठेवली. मग ती पुन्हा बघितली. मग परत.

साडेदहा. पद्धत अशी: संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावायची, शेजारची तिच्या जागी. कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा. सोपं आहे. बॉनेटसमोर उभा राहून डावीकडून मोजलं, एक, दोन, तीन, चार. दोन आणि तीनची अदलाबदल करायचं ठरलं.

तीनचा बोल्ट निघाला. कॉइल ओढताना "प्लप्" असा आवाज झाला आणि मी मागे उडी मारली. मागे ती उभी होती, सरबताचा ग्लास घेऊन. सरबत आता माझ्या शर्टावर. ती म्हणाली, अरे, बॅटरी काढली आहेस ना, मग कशाला घाबरतोस. मी म्हणालो, रिफ्लेक्स तपासत होतो.

बारा वाजता नवा कोड: पी-०३०२. दोष तिसऱ्यावरून दुसऱ्यावर सरकला. कॉइलच खराब. पुस्तकात आहे अगदी तसं. तिला सांगितलं तर म्हणाली, भारीच आहेस की. तेव्हापासून छातीत जे धडधडतंय ते थांबत नाही. हेही मिसफायरच म्हणायचं.

शुक्रवारचं वाक्य लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. गाडीची किल्ली हातात घेण्यापेक्षा या वाक्याची जास्त भीती वाटते.

बुधवार, १२ ऑक्टोबर

स्पेअर पार्टच्या दुकानातून नवी कॉइल आणली. दुकानदाराने विचारलं, कुठल्या गॅरेजमधून आलात. मी म्हणालो, स्वतःचंच आहे. चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही.

दुपारी. दोन नंबरवरची कॉइल काढली, नवी बसवली. जुनी पार्किंगच्या मागच्या फरशीवर ठेवून हातोडीने ठेचली. तीन घाव. चार दिवस या वस्तूने तोंडचं पाणी पळवलं होतं. तिला सोडायचं नव्हतं. शिवाय खराब माल पुन्हा कुणाच्या हाती लागू नये. सामाजिक जबाबदारी.

मग गाडी चालू केली.

उचक्या.

कोड पी-०३०२. तोच. एक्झॉस्टला न जळलेल्या पेट्रोलचा वास येत होता. मी बादलीभर पाणी आणून शेजारी ठेवलं. काका गॅलरीतून बादलीकडे बघत राहिले. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकत नाहीत हे मला संध्याकाळी आठवलं.

चार वाजता दुकानात. खराब कॉइल गळ्यात मारली म्हणून दुकानदाराला चार गिऱ्हाइकांसमोर चोर म्हणालो. आवाज जरा चढला. तो शांतपणे म्हणाला, मिस्त्रीसाहेब, कॉइल ठीक आहे, तुम्ही एकदा नीट बघा. मी म्हणालो, तुमच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. दार आपटून निघालो. दार काचेचं आहे हे आपटताना लक्षात आलं, म्हणून शेवटी हळूच लावलं.

उरलाय एक दिवस.

गुरुवार, १३ ऑक्टोबर, दुपार

प्लग तपासले. वायर तपासली. एका कनेक्टरची खिटी तुटली, टेपने बांधली. उचक्या तशाच. तिने दोनदा विचारलं, होईल ना रे. मी दोनदा हो म्हणालो. दुसऱ्यांदा बॉनेटमध्ये डोकं घालून.

तिला हा इंटरव्ह्यू हवा आहे. मला दीड तास हवा आहे. दोन्ही एका गाडीवर.

गुरुवार, सात वाजता

काका ड्यूटीवरून आले, युनिफॉर्ममध्ये, आणि थेट बॉनेटपाशी. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते आज कळलं. मी सगळं घडाघडा सांगितलं: कोड, अदलाबदल, नवी कॉइल, दुकानदाराची लबाडी. काकांनी शेवटी एकच प्रश्न विचारला. एक नंबर कुठून धरलास?

मी म्हणालो, डावीकडून. आपण लिहितो तसं.

काकांनी गाडीच्या कप्प्यातलं पुस्तक काढलं, चित्र उघडलं आणि बोट ठेवलं. नंबर इंजिनच्या रबरी पट्ट्याच्या बाजूने मोजायचे. पट्टा उजवीकडे.

म्हणजे माझा तीन हा गाडीचा दोन, आणि माझा दोन हा गाडीचा तीन. अदलाबदल केली त्याच दोन कॉइलची, म्हणून परीक्षा बरोबर आली. पण बदलताना मी चांगली कॉइल काढली. खराब कॉइल शेजारीच सुखात बसून आहे.

एकूण विचार केला तर माझी पद्धत बरोबर होती. फक्त दिशा.

काका म्हणाले, काही बिघडलं नाही, काढलेली परत लाव, खराब कॉइलच्या जागी. पाच मिनिटांचं काम. कुठे आहे ती?

मी प्लास्टिकची पिशवी आणून दिली. काकांनी आत बघितलं. आग विझल्यावर घरात बघत असतील तसं. मग पिशवीला नीट गाठ मारली आणि माझ्या हातात परत दिली.

दुकान सातला बंद होतं, सकाळी नऊला उघडतं. गाडी तीन सिलिंडरवर एवढ्या लांब न्यायची नाही असं काका म्हणाले, सायलेन्सर तापून लाल होतो. त्यांनी फोन करून ड्यूटी बदलून घेतली. पहाटेच्या बसने ते तिला नेणार. ती मला म्हणाली, जाऊ दे रे, तू प्रयत्न केलास ना. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

नऊला पाच कमी. दुकानाच्या शटरसमोर उभा. पायरी चढायची नाही असं म्हणालो होतो, म्हणून खालीच उभा राहिलो. दुकानदार आला, म्हणाला, वर या, मिस्त्रीसाहेब. गेलो. माफी मागितली. त्याने विचारलं, पट्ट्याकडून मोजलं नव्हतं ना? मी मान हलवली. तो म्हणाला, महिन्याला दोघं तरी येतात असे. पण ठेचून आलेले तुम्ही पहिलेच.

साडेदहा. कॉइल बसवली. या वेळी प्रत्येकीवर खडूने नंबर घातले. चालू केली. उचकी नाही. दिवा विझला. इंजिन इतकं गुळगुळीत की चालू आहे का ते वाकून ऐकावं लागलं. बघायला कुणी नव्हतं. आई होती, ती हातमोजे मागायला आली होती.

सायंकाळी सहा. ती आली. नोकरी मिळाली, जागेवरच पत्र दिलं, एक तारखेपासून तिकडेच राहायचं. पाठ केलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण तीच आधी म्हणाली, खरं तर तुझ्यामुळे मिळाली. माझे कान तापले. म्हटलं, माझ्यामुळे?

म्हणाली, त्यांनी विचारलं, आत्मविश्वासाने चुकीचं काम करणारा माणूस तुम्ही कधी जवळून पाहिलाय का, आणि त्यातून काय शिकलात. मी कॉइलची गोष्ट सांगितली, ठेचण्यापर्यंत सगळी. इंटरव्ह्यू घेणारे तिघंही हसून बेजार झाले.

मग एवढंच विचारलं की माझं नाव सांगितलंस का.

म्हणाली, नाही रे, तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं. समोर राहणारा एक मुलगा, एवढंच म्हटलं.