सव्वासातचा फोन

१८ जाने. २०२६, रवि.
सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले. २६ला झेंडावंदनानंतर जुन्या मेंबरांनी दोन-दोन मिनिटं बोलायचं. विषय: कच्छचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठे होता? पंचवीस वर्षं झाली. मुलुंडात आमची निम्मी बिल्डिंग कच्छी, तेव्हा विषय बरोबरच आहे. ह्यांनी लगेच नाव दिलं. माझंही दिलं, न विचारता.

२० जाने., मंगळ.
ह्यांची आरशासमोर प्रॅक्टिस चालू. पहिल्या वर्षी दाढी करताना नुसता पंखा हलला होता. मग आरसा. यंदा लोखंडी कपाट. ह्यांचं ऐकलं तर भूकंप आमच्या न्हाणीघरातच झाला.
हसले, आणि वाटलं, हंसाला सांगायला हवं. अजून वाटतं. शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायची. चार वाजता स्वयंपाकघराच्या भिंतीवर पळी दोनदा वाजवायची, म्हणजे चहा ठेवलाय, ये. आता तिथे तिसरे भाडेकरू. चारचा चहा मी करते, पण उभ्याउभ्याच पिते.

२२ जाने., गुरु.
जिग्नाचा घाटकोपरहून फोन. हंसाची मुलगी. "मावशी, सोमवारी येते. मम्मीबद्दल बोल ना." बोलेन म्हटलं. वाट लागली.
कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. हंसा तेव्हा भावाच्या लग्नाला कच्छात, भचाऊला गेलेली. जिग्ना अकरा वर्षांची, शाळेत परेड म्हणून माझ्याकडे राहिली. २६ला सकाळी सव्वासातला हंसाचा फोन. "जिगुला दे ना." पोरगी घरातच, बाथरूममध्ये होती. उशीर झालेला, वेणी व्हायची होती, रिबीन सापडत नव्हती. मी म्हटलं, निघाली गं ती आत्ताच. संध्याकाळी कर, निवांत बोला. "बरं. डबा दिलास ना?" एवढंच.
पावणेनऊला जमीन हलली. संध्याकाळी मी फोनपाशी बसून…
जिग्नाला सांगितलं, तू गेल्यावर आला होता फोन. आजवर तेच.

२५ जाने., रवि.
ह्यांना सांगितलं. पेपर घडी करून ठेवला. मग, "अगं, आता कशाला? पोर सुखात आहे." पोर सुखात आहे, माझं काय? उद्या सांगणार. भाषणात नाही, घरी. रागावली तरी चालेल. यायची बंद झाली तर मात्र मला हंसाचं कुणीच उरत नाही.
घावनांसाठी तांदूळ भिजत घातले.

२६ जाने., सोम.
ह्यांच्या कपाटाला टाळ्या. मी उठले, "मी स्वयंपाकघरात होते" म्हटलं आणि बसले.
घरी आल्यावर सगळं सांगितलं. जिग्ना घावन खात होती, खातच राहिली. मग म्हणाली, "मावशी, मी बाथरूममध्ये नव्हते. तुझ्यासमोर स्टुलावर बसलेले. तू फोन खांद्यात धरून वेणी घालत होतीस. मीच मान हलवली, नाही बोलायचं म्हणून. लग्नाला नेलं नाही ना, रुसलेले मी. तू माझ्यासाठी खोटं बोललीस."
मग इतकी वर्षं का नाही बोललीस, विचारलं.
"तू तरी कुठे बोललीस?"
दोघी रडलो. हे बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसले, सकाळी घातलेलं असून.

२७ जाने., मंगळ.
बाथरूमच्या दाराखालून आलेलं पाणी मला अजून दिसतं. वेणी घालत असते तर तिची मान हललेली मला कळली असती, केस माझ्याच हातात होते ना. की म्हातारीला हलकं वाटावं म्हणून तिने रचलं? हंसाची लेक, रचेलही. आणि खरं असेल तर अकरा वर्षांची पोर एवढं मनात धरून माझ्या शेजारी बसत होती, आणि मी तिला जेवायला वाढत होते. त्यापेक्षा तिने रचलेलंच बरं.
नक्की सांगेल अशी एक हंसाच. तिला फोनवर नळाचा आवाज आला असेल, नाहीतर पोरीच्या बांगड्यांचा.
चारचा चहा आज बसून घेतला. काल जाताना जिग्ना म्हणाली, "रविवारी येते, केसांना तेल लावून देशील?" ये म्हटलं. डोकं हातात आल्यावर कदाचित आठवेल.