अळणी नवस

सिस्टरबाई, तुमाले देवाघरी जाऊन लय वर्सं झाली, तरी तुमच्याशी बोलाचं म्हटलं का मी अजून सरळ बसतो. गडचिरोलीच्या दवाखान्यात तुमी मनाच्या आजाराच्या वॉर्डात होत्या, अन् मी तिथला सगळ्यात वांड पेशंट. गोळी गिळली का पाहाले तुमी जीभ उचलाले लावत, तर मी जिभेखाली बोराची बी ठेवली. तुमी ते काढली, उजेडात पाह्यली अन् म्हणल्या, "गोळी कुठी हाये सांग, नाईतर हे बी गिळाले लावीन."

घरी सोडताना तुमी मले अन् मायले समोर बसवून सांगितलं का लिथियमची गोळी चालू हाये तवर मीठ तोडाचं नाई, पाणी भरपूर प्याचं, दुकानातली दुखण्याची गोळी मनानं घ्याची नाई. माय मान हलवत होती. पण तिनं मी बिमार असतानाच देवीले बोलून ठेवलं होतं, पोरगं बरं झालं तर महिनाभर अळणी जेवंल. आता गोळ्यांनं मी बरा झालो, म्हणून नवस फेडाची पाळी आली. बोलली ते, जेवाचं मले! मी म्हटलं, "माय, सिस्टरनं मीठ सोडू नको म्हटलं." ते म्हणे, "सिस्टरले गोळीचं समजते, देवीचं नाई."

तेंदूपत्त्याचा सीझन, वरून ऊन. थोड्याच दिवसांत बिडीच्या पानांची पुडी बांधाले हात थरथरतेत, पाय लटपटतेत, उलट्या होतेत. मले काईतरी होऊन राह्यलं म्हणतो, तर सगळे हासतेत. त्यायचं बी बरोबर हाये. मागच्या साली साप चावला म्हणून मी बाजेवर पडलो होतो, चौघांनी मले डांबरी सडकेपर्यंत वाहून नेलं, अन् तिथी मी उतरून चहा मागतला. शेजारचा भाऊ म्हणे, "काऊन बे, यंदा कोणता साप आणला?" दुसरा म्हणे, "मोहाची जास्त झाली." जिंदगीत पहिल्यांदा खरं सांगून राह्यलो, अन् जीभच वळत नाई. आता मरतो, असंच वाटलं.

त्याच दिवशी घरी सोडलेल्या पेशंटायले गोळ्या वाटाले तुमची गावात फेरी होती. गोळ्या न्याले मी आलो नाई म्हणून तुमी घरी आल्या. शेजारचा भाऊ म्हणे, "नाटकं हायेत त्याची, बाई." तुमी माया तोंडाचा वास घेतला, हात पुढं कराले लावले, अन् सरळ चुलीजवळ जाऊन भाजी चाखली.

"याच्यात मीठ कुठी हाये?"

माय रडाले लागली. "मीठ तुटलं का हे गोळी अंगात साचून जहर होते. गोळी आत्ताच बंद. गाडी बोलवा," तुमी म्हणल्या. दवाखान्यात रक्त तपासलं, सलाइन लागली, मी वाचलो. मायले चिंता एकच, नवस मोडला. तुमी म्हणल्या, "नवस तुमीच बोलल्या ना? मंग अळणी तुमी जेवा, बीपी बी उतरंल." मायनं उरलेला महिना फेडला. बीपी उतरला. नाव देवीचं झालं.

मी विचारलं होतं, "बाई, तुमी एकट्यांनीच माया भरोसा कसा केला?" तुमी म्हणल्या, "तुया भरोसा? मी भाजीचा केला."

हा कागद मी कुठी धाडत नाई. गोष्ट इतकीच का आता नवीन सिस्टर हाये, चांगली हाये. "गोळी घेता ना?" विचारते, मी हो म्हटलं का पुढच्याले हाक मारते. घेतो मी, बाई, खरंच घेतो. पण मायासारख्याचं कोणी इतक्या लवकर मानलं का मले भेव लागते. मागच्या खेपेले तिले हेच सांगाले गेलो, तर तिले वाटलं मजाक करून राह्यलो. ते हासली. मंग मी बी हासलो.