दोन बोटं खाली, एक वीत वर

मद्रास,
९ नोव्हेंबर १९७६

तीर्थस्वरूप महादेवराव भाऊजी यांच्या सेवेशी,

धाकट्या साळ्याचा, म्हणजे बळीरामाचा, मद्रासहून दंडवत. तुमची तब्येत कशी आहे? पाठ दुखते का? दुखतच असेल. एवढ्या लोखंडाची उचलठेव केल्यावर पैलवानाची दुखते, तुम्ही तर शाळेतले हस्तकलेचे मास्तर. प्रेमिलाताई बरी असेल. तुमची म्हैसही बरी असेल, तिले आता कोठ्यात ऐसपैस जागा झाली असेल, काहून की माझी गाडी बाहेर चिंचेखाली उभी आहे हे फोटोत दिसून राहिलं. नानाजी बरे असतील, माय बरी असेल. मी इथे बरा होतो. ‘होतो’ असंच लिहिलं आहे, ते लाल शाईने दुरुस्त करू नका. (मागच्या पत्रातल्या माझ्या एकवीस चुका दुरुस्त करून तुम्ही ते पत्र परत पाठवलं, ते मिळालं. मी विचारलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर त्यात नव्हतं. अक्षर मात्र सुरेख.)

पत्र लिहिण्याचं कारण शोधायले लांब जावं लागत नाही, कारण तुम्हीच आहात. पण आधी इथली हकिकत सांगतो, म्हणजे राग कुठून आला ते समजेल. तीन वर्षं झाली, मी या गॅरेजात शर्यतीच्या गाड्यांखाली पाठीवर पडून काम करून राहिलो. गाडी कशी पळते ते मले माहीत नाही, ती खालून कशी दिसते तेवढं माहीत आहे. चालवणाऱ्या साहेबांना मी बुटाच्या तळव्यावरून ओळखतो. तर दसऱ्याले आमचे उस्ताद (गॅरेजचे मालक, तामिळ माणूस, हिंदी असं बोलतात जसे जाम झालेले नट खोलून राहिले) म्हणाले की जानेवारीत गावाबाहेरच्या जुन्या विमानपट्टीवर जुन्या गाड्यांची वेगळी शर्यत आहे, तू नेहमी सांगतो ती तुझी गाडी आण आणि तूच चालव. भाऊजी, सातवी नापास झाल्यापासून मले कोणी ‘तूच’ म्हटलं नव्हतं. म्हटलं असेल ते काही फुटल्यावर, ‘तूच फोडलं ना?’ म्हणून.

आता शर्यतीच्या फॉर्मवर गाडीचा फोटो चिकटवावा लागतो. म्हणून तुम्हाले लिहिलं की एक फोटो पाठवा. तुम्ही भाऊबीजेच्या दिवशी फोटोग्राफर बोलावून तो काढला आणि पाठवला, एवढी तत्परता तुम्ही नुसत्या उत्तर द्यायले दाखवली असती तर हा दिवस आला नसता. आठ दिवस झाले, तो फोटो माझ्या उशाखाली आहे आणि मले झोप नाही. आधी वाटलं फोटोग्राफरने चुकून कोण्या सर्कशीचा फोटो पाठवला. मग बॉनेटवर हात ठेवून, वाघ मारल्यासारखे उभे असलेले तुम्ही दिसले.

तुम्ही विसरले असाल म्हणून ती गाडी काय होती ते आठवून देतो. मँगनीजच्या खाणीचे जुने साहेब विलायतेले गेले तेव्हा त्यांच्या मडमेने ती मले देऊन टाकली, काहून की बंगल्यामागच्या टिनाखाली तिच्यात कोंबड्या अंडी देत होत्या आणि ती चालू करून दाखवणारा अख्ख्या तालुक्यात मी एकटा निघालो. दोन दारं, दोन सीटा, लांब नाक आणि मागे उतरत गेलेलं छत. साहेब तिले कूपे म्हणत. आत बसलं की बूड जमिनीपासून फक्त एक वीत वर, रस्त्यावरच्या मुंगीले रामराम घालत जावं. आपल्या गावी, खाप्यात, आणली त्या दिवशी सगळ्यात आधी मायले बसवलं. बसली म्हणजे पडलीच. बाहेर काढायले प्रेमिलाताई आणि शेजारच्या यमुताई, दोघी लागल्या, आणि तेवढ्यात अर्धा खापा जमा झाला. माय लुगडं झटकत म्हणाली, “बाबू, खाटेएवढी उंच झाली का सांगजो, मंग बसीन मी.” सगळे हसले, मी सगळ्यात जास्त हसलो. आमच्या बोळात गाडी शिरत नाही म्हणून ती तुमच्या कोठ्यात ठेवली, किल्ली तुमच्या हातात दिली आणि जी. टी. एक्स्प्रेस पकडली. गाडीचे वाईट दिवस तिथून सुरू झाले.

मी काही गाडीले विसरून बसलो नव्हतो. गावाकडचं कोणी भेटलं की त्याच्या हाती एकेक सामान पाठवत गेलो, कुठे लावायचं, कसं लावायचं, चित्र काढून पाठवत गेलो. चित्रं तुम्हाले आवडली, असं ताईने लिहिलं. पहिल्या वर्षी दोन मोठे दिवे पाठवले, ते संत्र्याच्या बागेतल्या मचाणावर लागले, आणि त्यांना करंट पाहिजे म्हणून गाडीची बॅटरीही रोज रात्री मचाणावर जाऊ लागली. रानडुकरं आता येत नाहीत म्हणे. येतील कशी? खाप्याच्या डुकरांनी एवढा उजेड आपल्या जन्मात पाहिला नसेल. मग इंजिनाचा मोकळा आवाज निघावा म्हणून धुराची सरळ नळी पाठवली, ती ताईच्या चुलीवर बसली. (धूर तिच्यातूनच जाऊन राहिला, म्हणून मास्तर म्हणून तुमची चूक काढता येत नाही.) मग शर्यतीची खोलगट सीट पाठवली. ती ओसरीवर ठेवून तुमचे सासरे, म्हणजे आमचे नानाजी, त्यात बसतात आणि उठायचं झालं की तुम्हाले हाक मारतात. बाकी आमच्या घरात तुम्हाले कोणी हूं का चूं केलं नाही, काहून की तुम्ही जावई, आणि जावयाले नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. मी बोलतो तो फक्त हजार किलोमीटरवर बसलो आहे म्हणून.

दुसऱ्या वर्षी मी आखूड स्प्रिंगा पाठवल्या. हे मात्र नीट वाचा. सोबत स्वच्छ लिहिलं होतं की यांनी गाडी दोन बोटं खाली जाते आणि वळणावर जमिनीले चिकटून राहते. तुम्ही उत्तर लिहिलं, तीन वर्षांतलं तेवढं एकच उत्तर, ते मले पाठ आहे: ‘सामान मिळाले. रस्ता खराब आहे. योग्य ती दुरुस्ती केली.’ योग्य ती दुरुस्ती म्हणजे काय, ते आता फोटोत पाहिलं. जुन्या जीपच्या स्प्रिंगांचे लोखंडी पाटे खालून ठोकून तुम्ही गाडी एक वीत वर नेली. मी दोन बोटं खाली मागितली, तुम्ही एक वीत वर दिली! बदकाचे पाय कापून बगळ्याचे लावले. आणि माझ्या स्प्रिंगांचं काय केलं ते विचारायचं होतं, पण फोटोतच तुमच्या अंगणातल्या पाळण्यात तुमचं पोरगं हवेत उडालेलं दिसलं, तेव्हा तेही समजलं.

मग आमच्या चुलतभावाचं, रुपरावचं लग्न आलं. (हे ताईच्या चिठ्ठीतून आता कळलं.) नवरदेवाले मोटार पाहिजे, म्हणजे माझी पाहिजे. चालवणारे तुम्ही, बाजूले रुपराव, झाल्या दोन सीटा. करवली कुठे बसन, हे निघायच्या अर्ध्या तासाआधी कोणाच्या तरी लक्षात आलं. करवली कोण, तर आपली प्रेमिलाताई. ती नवरदेवासोबत बसणार नसेल तर वरात निघत नाही, असं तिने दारात बसून सांगितलं. तुम्ही काय केलं असेल? शहाणा माणूस दुसरी गाडी पाहतो. तुम्ही करवत आणली. मागची काच काढली, शाळेतून बाद केलेला बाक आणला, पाय कापून फळी आत ठोकली. झालं म्हणता म्हणता रुपराव बसायले वाकला आणि त्याचं बाशिंग छताले अडकलं. तिथे कोणी म्हटलं असतं की बाशिंग मांडवात बांधू, तर माझं छत वाचलं असतं. पण तुम्ही छत चारही बाजूंनी कापलं, तेलाच्या डब्याचं टिन जोडून वर उचललं, आणि मुहूर्ताच्या आधी मांडवात पोहोचले. टिनावर ‘शुद्ध जवस तेल’ अजूनही वाचता येतं. इथे फॉर्ममध्ये गाडीचा रंग विचारला आहे. तो काय लिहू?

रंगाचं जाऊ द्या, नाव काय लिहू? नाव गाडीच्या नाकावरच्या चकचकीत बिल्ल्यावर होतं. यंदा पोळ्याले तो बिल्ला तुमच्या पवळ्या बैलाच्या कपाळावर होता, असं ताईच्या पत्रात आलं आणि तोरणाखाली सगळ्यात देखणी जोडी आपलीच, असंही. अभिनंदन. विलायती कारखान्यात तयार झालेला बैल अख्ख्या विदर्भात तुमचा एकच.

तर आता ऐका. बाक काढा, टिन काढा, पाटे काढा. दिवे मचाणावरून, नळी चुलीवरून, स्प्रिंगा पाळण्यातून, सीट नानाजींच्या खालून (नानाजींना आधी उठवा) आणि बिल्ला पवळ्याच्या कपाळावरून काढून जिथला तिथे लावा. पंधरा डिसेंबरच्या आत गाडी नागपूरच्या मालधक्क्यावर चढली पाहिजे, नाहीतर मी इथे शर्यत पाहीन, तीही खालूनच. एवढं एक काम करा. त्याच्यानंतर तुम्हाले दुरुस्त करायचं असेल तर शाळा आहे, खापा आहे, पूर्ण नागपूर जिल्हा पडला आहे.

थोरांना नमस्कार, पोट्ट्यांना आशीर्वाद. तुमची माझ्यावर माया आहे ती असू द्या, गाडीवरची थोडी कमी करा.

आपला साळा आणि (कागदोपत्री अजून तरी) गाडीचा मालक,
बळीराम

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत उस्तादांनी फोटो मागितला. आठ दिवस लपवला होता, शेवटी द्यावा लागला. वाटलं आता गॅरेजातले सगळे हसतील. उस्तादांनी चष्मा लावला, फोटो डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, “ये अम्मा कौन?” मी म्हटलं कोणती अम्मा. भाऊजी, खोटं कशाले सांगू, आठ दिवस मी चाकं पाहिली, टिन पाहिलं, तुमचा तो हात पाहिला. उघड्या दारात पुढच्या सीटवर पदर घेऊन कोणी बाई बसली आहे, एवढंच दिसलं होतं. ताईच असेल म्हणून सोडून दिलं होतं. ती माय आहे. एका हाताने दाराची कडी धरली आहे, पाय दोन्ही जमिनीले नीट टेकले आहेत, आणि तोंड फोटोग्राफरकडे करायचं सोडून यमुताईकडे केलं आहे. हसून राहिली.

मग मी कंपास घेतला. चाकाची रिम पंधरा इंची, हे मले माहीत आहे, त्याच्यावरून फोटोतलं सगळं मोजता येतं. सीट जमिनीपासून अठरा इंच आणि वर एक सूत भरली. आमची खाट अठरा इंच आहे. तिचे पाय मीच कापले होते, डुगडुगत होती म्हणून. तो वरचा एक सूत सोडला तर तुमचं माप बरोबर आहे. आणि तुम्ही मले लिहिता, रस्ता खराब आहे. खाप्याचा रस्ता आमच्या आजोबांच्या वेळेपासून खराब आहे, त्याच्यासाठी कोणी एवढे पाटे ठोकत नाही. सरळ लिहिलं असतं तर पत्रात आणखी एक ओळ लागली असती.

ता. क. दुसरा. फॉर्म कोराच परत केला. उस्ताद म्हणाले, पुन्हा विचारणार नाही. मी म्हटलं, बरं. (म्हटल्यावर दिवसभर एका मोटारीखालून बाहेर निघालो नाही, ते सोडा.) वर जे जे काढा म्हणून लिहिलं आहे, त्यातलं काहीच काढू नका. सीटवर नानाजींना बसू द्या. बिल्ला पवळ्याले शोभत असेल तर राहू द्या. पत्रातल्या चुकाही राहू द्या.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर याच्यासाठीच समजा. आठ दिवसांची सुट्टी मिळाली. वीस तारखेच्या जी. टी.ने नागपूरले येऊन राहिलो. गाडी घेऊन स्टेशनवर या, मायले सोबत आणा. येताना तुम्ही चालवा. परत जाताना मी चालवीन, माय माझ्या बाजूले पुढे बसन. तुम्ही मागे, त्या फळीवर. जावयाले फळीवर बसवायची आमच्यात रीत नाही, पण फळी तुमचीच आहे. उशी घेऊन या. खाप्यापर्यंत लागेल, रस्ता खराब आहे, असं तुम्हीच कळवलं होतं.